अक्कांचं गाठोडं

नुकसान कळलं ते आयुधपूजेच्या चार दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमाराला. मुशीतून ओतलेलं सोनं थंड झालं, रघुजीनं ते काट्यावर ठेवलं आणि काट्यानं साडेतीन ग्रॅम दाखवले. त्यानं काट्याचं ताट पुसलं, सोनं पुन्हा ठेवलं. साडेतीनच.

दुकानात तेव्हा रघुजीखेरीज त्याचे तीन कामगार होते. भट्टीपाशी गुंडो, दाराशी म्हातारा मल्लाप्पा, आणि मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवा बसलेला महांतेश. तिघांनी काटा पाहिला.

साडेतीन ग्रॅम म्हणजे काय, ते कळायला या दुकानाची रीत माहीत पाहिजे. रघुजी गलाईवाला. आटपाडीकडची माणसं या धंद्यात देशभर पांगली आहेत, तसा तो एकोणिसाव्या वर्षी बेंगळुरूला आला आणि नगरतपेठेतल्या एका बोळात भट्टी पेटवून बसला. त्याला अडतीस वर्षं झाली. सराफ जुने दागिने आणून देतात, तो ते वितळवून शुद्ध करून देतो. या कामात सोनं उडतं. डोळ्याला दिसत नाही, पण उडतं. पायाखालच्या काथ्याच्या चटईत बसतं, कपड्यांना लागतं, केसांत अडकतं. म्हणून कामगारांनी सकाळी आल्यावर घरचे कपडे खुंटीला लावायचे आणि दुकानातली लुंगी-बनियन घालायची. जाताना ती इथंच सोडायची आणि हातपाय मोरीतल्या हौदात धुवायचे. हौदाचं पाणी बाहेर जात नाही. तळाला गाळ बसतो.

वर्षातून एकदा, दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आधी, चटया, झाडलोटीचा कचरा, हौदाचा वाळवलेला गाळ, फाटके कपडे, सगळं जाळायचं. राख मुशीत घालून वितळवायची. त्यातून जे सोनं निघतं ते मालकाच्या तिजोरीत जायचं नाही. हा नियम कस्तुराबाईचा, रघुजीच्या बायकोचा. कामगाराच्या घरात लेकीबहिणीचं लग्न असेल तर मंगळसूत्राचे मणी आणि वाट्या त्या सोन्याच्या. वीस वर्षांत अकरा मुलींची लग्नं त्यावर झाली. दर वर्षी पस्तीस ग्रॅमच्या खाली सोनं कधी निघालं नव्हतं.

कामगार कस्तुराबाईला अक्का म्हणायचे. वर्षभर त्यांच्या लुंग्या-बनियनी वरच्या मजल्यावर तीच धुवायची, फाटलेल्या बाजूला ठेवायची, आणि जाळायच्या दिवशी त्यांचं गाठोडं बांधून खाली आणायची. ते गाठोडं ती स्वतःच्या हातानं आगीत टाकायची. कुणी सोडून पाहायचं नाही. पाहायचं तरी काय? चिंध्या.

अकरा महिन्यांपूर्वी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं ती गेली. या वर्षी फाटके कपडे रघुजीनं एका सिमेंटच्या पोत्यात कोंबले आणि पोतं तसंच आगीत टाकलं.

रघुजीनं सोन्याचा तो गोळा मुठीत धरला आणि गुंडोकडं पाहिलं. गुंडो कस्तुराबाईचा भाचा, तिच्या मेलेल्या भावाचा एकुलता एक. रघुजीला मूल नव्हतं. गुंडोला इथं आणून बारा वर्षं झाली होती, भट्टी त्याच्याच हातात होती. सकाळी पहिला तो यायचा, संध्याकाळी कुलूप तो लावायचा. बारा वर्षांत त्यानं एक रजा घेतली नव्हती. आत्याच्या तेराव्यालासुद्धा पान वाढून झाल्यावर तो भट्टीवर जाऊन आला होता. बोळातले लोक म्हणायचे, पोटचा पोरगा इतकं करत नाही.

गुंडो हळूच म्हणाला, "मामा, मी कुणाचं नाव घेत न्हाय. पण केस बघा की जरा."

केस एकट्या महांतेशचेच बघण्यासारखे होते. दाट, मानेपर्यंत आलेले, तेल लावून मागं वळवलेले. गलाईच्या बोळात ही चोरी पोरासोरांनाही माहीत आहे. तेलकट केसांतून दिवसभर हात फिरवायचा, बोटांची सोन्याची धूळ केसांना लागते, घरी जाऊन परातीत डोकं धुवायचं. महांतेश अथणीकडचा, दीड वर्षापूर्वी कामाला लागलेला. मार्गशीर्षात त्याच्या बहिणीचं, रंजिताचं, लग्न ठरलं होतं, म्हणजे यंदाच्या सोन्यावर पाळी त्याची होती. गेल्या महिन्यात त्यानं दोनदा विचारलं होतं की यंदा कितीसं निघेल. ते रघुजीला आता आठवलं. एकदा आठवलं की ते तेवढंच उरलं.

त्याच्या डोक्यात हे आलं नाही, की ज्याला ते सोनं मिळायचंच आहे तो ते चोरील कशाला. पुढं पुष्कळ दिवसांनी आलं.

त्यानं मल्लाप्पाला पाठवून न्हावी बोलावला. न्हावी आला तेव्हा बोळातले चार शेजारी दुकानदारही दारात येऊन उभे राहिले. रघुजीनं त्यांना हाकललं नाही. चोर सगळ्यांनी बघावा असा त्याचा स्वभाव होता. चौदा वर्षांपूर्वी एका कामगाराच्या पायाच्या नखांत सोनं सापडलं, तेव्हा रघुजीनं त्याला त्याच लुंगीवर बोळातून शेवटपर्यंत चालवत नेलं होतं. त्यानंतर दुकानात चोरी झाली नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा.

महांतेश उभा राहिला. "अण्णा, केस धुऊन पाणी घ्या. कापू नका."

"पाण्यात निम्मं जातं. खरा असशील तर बस."

"माझे अप्पा जिवंत आहेत, अण्णा."

बाप मेल्यावर मुलगा डोकं करतो. बाप जिवंत असताना करणं म्हणजे त्याचं मरण मागणं. अथणीत काय आणि आटपाडीत काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. मल्लाप्पा पुढं झाला आणि कानडीतच म्हणाला, नको मालक, दुसरं काही करा, पोलिसांना बोलवा पाहिजे तर. रघुजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"बापाची येवढी काळजी असती तर हात आवरला असतास," तो म्हणाला. "बस. केसांत काय न्हाय निघालं तर रंजिताचं मणी मी माझ्या पैशानं घालतो. निघालं तर तिच्या सासरी मी स्वतः कळवतो."

महांतेश बसला. बहिणीच्या मण्यांसाठी बसला की उठून गेला तर चोर ठरेल म्हणून बसला, ते त्याचं त्याला माहीत. न्हाव्यानं खाली धोतराचं पान पसरलं. महांतेशचे डोळे पूर्ण वेळ उघडे होते. अर्धं डोकं झाल्यावर दारातला एक शेजारी म्हणाला, काय रे, पिंडाचं सामान आणायचं का. दोघं हसले. गुंडो हसला नाही. तो चिमटा घेऊन भट्टीपाशी तयार उभा होता.

केस जळाले, राख वितळली. मुशीच्या तळाला काही नव्हतं. एक कणही नाही.

रघुजीनं मूस उलटी करून झटकली. मग गुंडो म्हणाला, "सकाळीच धुऊन आला आसंल, मामा. आज जाळायचा दिवस, त्याला ठाऊक हुतं की."

आणि रघुजीनं ते धरलं. केसांत सोनं सापडलं असतं तर तो चोर, सापडलं नाही तर हुशार चोर. त्यानं महांतेशचे घरचे कपडे खुंटीवरून काढून बोळात फेकले. महांतेशनं ते उचलले, तिथंच दारात बदलले, दुकानाची लुंगी घडी करून उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. हातपाय धुवायचे राहिले म्हणून तो परत आला, हौदात धुतले, आणि मग गेला. हे मल्लाप्पानं पाहिलं. बाकीच्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या बोळात आणि शेजारच्या दोन बोळांत महांतेशला कुणी काम देईना. आयुधपूजेला रघुजीनं भट्टीला हळद-कुंकू वाहिलं, लिंबं कापली, कोहळा फोडला. मल्लाप्पा त्या दिवशी आला नाही. गुंडो आला.

त्यानंतर आठवडाभरानं रघुजीला ती कुंकवाची डबी सापडली. सापडली म्हणणं खोटं आहे. ती देव्हाऱ्यातच होती आणि त्याला रोज दिसत होती.

कस्तुराबाईला नेलं त्या दिवशी, रीतीप्रमाणं, तिच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोनं ठेवलं होतं. सोनं म्हणून रघुजीनं तिच्याच मंगळसूत्राचा एक मणी तोडला होता. विजेच्या दाहिनीतून दुसऱ्या दिवशी अस्थींचा ट्रे बाहेर आला, त्यात त्याला मणी दिसला. काळा, खरखरीत, एका बाजूनं बसलेला. तो त्यानं उचलून डबीत ठेवला. सोनं आगीत काळं पडत नाही. वितळेल, आकार सोडेल, पण काळं पडणार नाही. अडतीस वर्षं आगीतून सोनं काढणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला पाहिजे असं नव्हतं. तरी त्यानं मनाशी ठरवून टाकलं की दाहिनीची काजळी लागली असेल. अकरा महिने ती काजळीच होती.

त्या सकाळी तो डबी घेऊन खाली आला. गुंडो अजून यायचा होता. त्यानं कसोटीच्या दगडावर मणी घासला. पिवळी रेघ उठली. त्यावर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ विरघळून गेली, जणू ओढलीच नव्हती. पितळ.

तो वर गेला आणि कस्तुराबाईचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. पाटल्या, गोठ, बांगड्या, मोहनमाळ, सगळं लाल कागदात नीट गुंडाळलेलं होतं. एकेक वस्तू तो दगडावर घासत गेला. एकेक रेघ उडून गेली. बाजारात मिळतात तसले मुलामा दिलेले दागिने. शेवटी एक नथ खरी निघाली. जगभराच्या सोन्याचा कस बघणाऱ्या माणसाची बायको कित्येक वर्षं पितळ घालून त्याच्यासमोर जेवायला वाढत होती, आणि त्याला कळलं नव्हतं. कळणार कसं? बायकोचं मंगळसूत्र दगडावर कोण घासतं.

आधी त्याला वाटलं, हिनं विकलं. मग वाटलं, कुणाला दिलं. त्याला तिचा राग आला. मेल्यावर पहिल्यांदा आला, आणि त्या रागातच त्याला तिची आठवण आली ती धड: ओल्या हातांनी पदर खोचून ती गाठोडं आणते आहे, आणि ते चिंध्यांच्या मानानं जड आहे.

त्यानं गाठोड्याबद्दल विचार केला. मग हौदाबद्दल. मग, बारा वर्षांत एक रजा न घेतलेल्या माणसाबद्दल.

त्यानं आरडाओरडा केला नाही. गुंडो आल्यावर त्याला सांगितलं की तू दोन दिवस घरी राजाजीनगरला बस, भट्टी मी बघतो. गुंडोचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मला काय झालंय, मला सुट्टी नको. रघुजी म्हणाला, जा. दोन दिवस रघुजी आणि मल्लाप्पा दोघांनीच काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हौद उपसला, तर तळाला बोटाचं एक पेर गाळ होता. एरवी महिन्याचा गाळ तेवढा नसायचा. मल्लाप्पानं गाळात बोट घालून पाहिलं आणि ते बोट रघुजीच्या लुंगीला पुसलं. अडतीस वर्षांत त्यानं मालकाचा केलेला अपमान तेवढाच.

गुंडो आला तेव्हा रघुजीनं कपाटातले सगळे दागिने भट्टीजवळच्या पाटावर ओतून ठेवले होते. गुंडोनं ते पाहिलं. ओळखलं. मग तो बसला, आणि बराच हलका झाल्यासारखा बोलू लागला.

संध्याकाळी सगळे गेले की तो हौदातला गाळ जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात भरायचा. शहराबाहेर होसकोट्याच्या बाजूला एक जण तो ओलाच विकत घ्यायचा. डबा आत्याच्या घरचा होता, रोज वर जाऊन धुवायला पडायचा. एके दिवशी आत्याला डब्याच्या कडेला लागलेला गाळ दिसला. गलाईवाल्याची बायको, तिनं तो उन्हात धरला आणि समजली. त्याला नऊ वर्षं झाली.

"काय म्हणाली?" रघुजीनं विचारलं.

"रडली. म्हणाली, मामांना कळलं तर तुला लुंगीवर बोळातनं फिरवतील आन् मला गावाला धाडतील. तुम्हीच म्हणला हुता न्हवं. मला आणलं त्या दिवशी."

रघुजीला आठवलं. गुंडोला आणलं त्या दिवशी जेवताना तो कस्तुराबाईला म्हणाला होता, तुझ्या माहेरचं माणूस आहे, चोर निघालं तर तुझ्यासकट एसटीत बसवीन. हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

"मग तिनं थांब म्हणून सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की. चारदा सांगितलं. पण थांबणार कसा, मामा? थांबलो की हौदात गाळ दिसणार. तुम्ही इचारणार, येवढी वर्सं कुठं गेला हुता. मग आत्या म्हणली, वर्साचा आकडा मी भरून देते. दर साली येक-दोन डाग कापून गाठोड्यात बांधायची. यंदा कोण भरणार? मी तर चोरतच हुतो. भरणारं माणूस गेलं."

रघुजीचा हात चिमट्याकडं गेला. गुंडोनं तो जाताना पाहिला आणि हलला नाही.

"मारा," तो म्हणाला. "हाकला. पर बोळाला काय सांगणार, तेवढं आधी ठरवा. त्या पोरींच्या गळ्यात आक्काचं सोनं हाय म्हणून लोक तिच्या फोटोला हार घालत्यात. सांगा त्यास्नी, की नऊ वर्सं आक्कानं चोर पोसला."

भिंतीवर तिचा फोटो होता. हार मल्लाप्पाच्या लेकीनं घातलेला, तिच्या मंगळसूत्राचे मणी याच भट्टीतले. रघुजीनं चिमटा खाली ठेवला. मग त्यानं पाटावरचं पितळ एका पोत्यात भरलं आणि गुंडोला भट्टी पेटवायला सांगितली, कारण साडेदहा वाजत आले होते आणि दोन सराफांचा माल पडून होता.

त्यानंतर दुकानात पुष्कळ बदल झाले. हौदावर लोखंडी जाळीचं झाकण बसलं, त्याची किल्ली रघुजीच्या करगोट्याला. गाळ दर शनिवारी सगळ्यांच्या समोर उपसतात. जेवणाचे डबे दुकानात येत नाहीत, जेवण बाहेरच्या पडवीत. आठवड्याला एक दिवस प्रत्येकानं सुट्टी घ्यायचीच, नको म्हणणाऱ्यानं आधी. चिंध्या जमिनीवर पसरून मग जाळायच्या. बोळातले दुकानदार येऊन बघून गेले आणि म्हणाले, एका चोरानं रघुजीला शहाणं केलं. त्यांच्या मनात चोर कोण, ते रघुजीला माहीत होतं. तो हो म्हणाला.

गुंडो भट्टीवरच आहे. दोन माणसं एका महिन्यात गेली असती तर लोकांनी विचारलं असतं. रघुजी त्याच्याशी कामापुरतं बोलतो. तो आत्याच्या वर्षश्राद्धाला पहिल्या पंगतीला बसला.

कार्तिकात रघुजीनं तिजोरीतल्या सोन्याचे मणी आणि दोन वाट्या करवल्या, पुडीत बांधल्या आणि मल्लाप्पाच्या हाती अथणीला पाठवल्या. मल्लाप्पा तिसऱ्या दिवशी पुडी घेऊन परत आला. त्यानं सांगितलं ते असं. मुलाकडच्यांचा एक नातेवाईक बेंगळुरूला सराफीत आहे, त्याच्याकडून त्यांना चोरीचं कळलं. त्यांनी लग्न पुढं ढकललं, पुढं म्हणजे कधी ते सांगितलं नाही. मुंडण केलेला मुलगा दारात उभा राहिला तेव्हा त्याची आई घरात नवऱ्याला शोधत धावली. बाप अंगणात बसला होता. त्या दिवसापासून तो मुलासमोर जेवत नाही.

"महांतेश काय म्हणाला?" रघुजीनं विचारलं.

"काही नाही. म्हातारा बोलला. सोनं नको म्हणाला. तुमच्या मालकाला म्हणावं, ज्या बोळात डोकं केलं त्याच बोळात उभं राहून एकदा सांग, पोरगा चोर नव्हता. तेवढं झालं की लग्नाचं आम्ही बघतो."

"आणि चोर कोण, असं विचारलं लोकांनी तर?"

मल्लाप्पानं पुडी काट्यावर ठेवली. "बरं, मालक. ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला आणि हौदाकडं हात धुवायला गेला.

पुडी अजून देव्हाऱ्यात आहे, डबीशेजारी. कस्तुराबाईच्या फोटोला रोज ताजा हार असतो. मार्गशीर्ष संपला, पौष संपला. रंजिताचं लग्न झालेलं नाही. महांतेश चोर नव्हता हे रघुजीनं बोळात अजून कुणाला सांगितलेलं नाही.